विहिरीत अक्का, काठावर अण्णा

खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "पळता येतं का?"

मी आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याची. गुलबर्ग्यात एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनवर नोकरी लागली होती आणि वडील मला खोली बघून द्यायला सोबत आले होते. भाडं किती, पाणी कधी येतं, फाटक कितीला लागतं, असं सगळं विचारायच्या तयारीत ते होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "शाळेत असताना पळायची."

"शाळेत समद्याच पळतेत. मग पुढं काय झालं?"

आपण पळायचं नेमकं कधी सोडलं, हे कुणाला आठवतं?

"बरं, ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "उजाडायच्या आत फाटकाशी यायचं. जमनार नसंल तर दुसरीकडं बघा. भाड्याचं मागून बोलू."

परत जाताना वडील हळूच म्हणाले, "बाई जरा येगळीच हाय. पर घर चांगलं दिसायलंय."

अक्का मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या पी. टी. टीचर. साठी ओलांडलेली, पण पाठ ताठ. इरकल साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात मंगळसूत्र, इष्टलिंगाची चांदीची डबी आणि शिट्टी, तिन्ही एकमेकांत गुंतलेली. चालताना ती आपसात वाजायची, त्यामुळे अक्का कुठल्या खोलीत आहेत ते आम्हाला न बघता कळायचं. चालायला लावायचं असलं की त्या कानडीत ओरडायच्या, "नडी, नडी!" रागवायच्या दखनीत. समजूत घालायची तर मराठीत. सुरुवातीला मला मराठी सगळ्यात कमी ऐकायला मिळाली.

आम्ही तिघी-चौघी भाडेकरू मुली होतो. कुणी नर्सिंगला, कुणी बँकेत. अक्का कधी कुणाला "कशी हाईस" असं विचारायच्या नाहीत. समोर उभं करून पोटाकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "श्वास पोटातून घ्यायलीस का नुसता नरड्यातून?" मी आल्यापासून पहिले कितीतरी दिवस नरड्यातूनच घेत होते.

त्याचं कारण माझा फोन. म्हणजे फोनमधला तो.

तो आमच्याच आळंद तालुक्यातला, कॉलेजात माझ्या पुढं होता, आता पुण्यात एका कंपनीत. आमचं घरी ठाऊक होतं. दोन्हीकडचे लोक राजी होते, फक्त बैठक व्हायची बाकी होती. तो वाईट नव्हता. हे मी आजही सांगते, आणि लोकांना ते पटत नाही. तो कधी आवाज चढवायचा नाही. "पोचलीस का? जेवलीस का? आवाज कामून असा येतोय? शेजारी कोण बोलायलंय?" असं काळजीनं विचारायचा. पुण्यात गेल्यापासून तो "नाही" म्हणायचा, पण जीव घाबरा झाला की "न्हाई" यायचं. "मला काही न्हाई, तुझी भीती वाटती," म्हणायचा. सुरुवातीला मला ते फार आवडायचं. आपल्यासाठी कुणाचा तरी जीव खालीवर होतो, ह्याचं अप्रूप वाटायचं. मग त्यानं फोनवर लोकेशन चालू ठेवायला सांगितलं, ते ठेवलं. मग दवाखान्यात पेशंट समोर असताना मांडीवरचा फोन थरथरला की माझे तळहात गार पडायला लागले. उचलला नाही तर तो रुसेल, उचलला तर डॉक्टर बघतील. दिवसभर खुर्चीत बसून मी संध्याकाळी अशी दमायची, जसं काही रानात राबून आले.

आणि अक्कांचा नियम असा की सकाळी बाहेर पडताना फोन घरात ठेवायचा. स्वयंपाकघरात ज्वारीचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात सगळ्यांचे फोन ज्वारीवर ठेवून त्या झाकण लावायच्या.

"अक्का, मला एक अर्जंट फोन येनार हाय," मी पहिल्या दिवशी म्हणाले.

"येऊ दे की. ज्वारी उचलनार न्हाई."

त्या सकाळी तळ्याच्या कडेनं आम्ही निघालो. बाकीच्या पळत होत्या, मी चालत होते, आणि सगळा वेळ माझं डोकं त्या डब्यात होतं. आता त्यानं फोन केला असेल. आता पुन्हा केला असेल. आता त्याला वाटलं असेल की... छातीत इतकं धडधडायला लागलं की मी कठड्याला धरून उभी राहिले. अक्का मागून आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं, नाडी बघितली.

"पळायच्या आधीच एवढी पळायलीय?" म्हणाल्या. "मग आता पायानं पळ. निदान नाडी आनि पाय संगं पळतील."

मी पळाले. फार नाही, तळ्याकाठच्या पिंपळापर्यंत. पण पळत असताना धडधडायला कारण होतं आणि त्यामुळे ती धडधड भीतीची राहिली नाही, नुसती पळण्याची झाली. थांबल्यावर भीती परत आली. घरी येऊन डबा उघडला तर फोनवर त्याचे मिस्ड कॉल भरलेले होते.

शेजारच्या बायका अक्कांबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या. "नवरा हाय, पर तितं. ही हितं." अण्णा, म्हणजे अक्कांचे मालक, बीदरच्या बाजूला कमठाण्याला शेती बघत. अक्कांची नोकरी गुलबर्ग्यात, त्यांची जमीन तिकडं. नोकरी संपल्यावर अक्का कमठाण्याला जातील असं सगळ्यांनी धरलं होतं, त्या गेल्या नाहीत. दर पंधरवड्याला कधी त्या तिकडं, कधी अण्णा इकडं. भांडण नव्हतं. अण्णा आले की दोघं अंगणात बसून तासन् तास गप्पा मारायचे, आणि अक्का अशा हसायच्या की आम्ही खिडकीतून बघायचो. रोज दिवेलागणीला त्या अण्णांना एक फोन करायच्या. एकच. तो संपला की फोन उशाखाली.

मी एकदा विचारलं, "तुम्हाला करमतं कसं?"

"करमत न्हाई की," अक्का म्हणाल्या. "म्हनून तर पंधरा दिसांनी बोलायला काई ऱ्हातंय."

उन्हाळ्यात त्या आम्हाला दोन दिवस कमठाण्याला घेऊन गेल्या, पोहायला शिकवायला. अण्णांच्या शेतात जुनी दगडी विहीर होती, पायऱ्यांची, भर चैत्रातही पाणी असलेली. आमच्या पाठीला वाळके भोपळे बांधून अक्कांनी आम्हाला पायरीवर बसवलं आणि स्वतः साडीचा काचा मारून वरून सूर मारला. पाणी फुटल्याचा आवाज झाला आणि त्या दिसेनाशा झाल्या.

काठावर अण्णा होते. उंच, वाकलेले, अंगात बंडी. हातात जाड दोर. दोराचं दुसरं टोक त्यांनी लिंबाच्या बुंध्याला बांधलेलं. त्यांना पोहता येत नव्हतं आणि पाण्याची त्यांना लहानपणापासून विलक्षण भीती. अक्का पाण्याखाली गेल्या की ते "साकु, साकु" म्हणायला लागायचे, पुरे, पुरे. अक्कांचं डोकं पलीकडच्या कडेला वर यायचं. त्या हसायच्या. "अजून एक!" म्हणायच्या आणि पुन्हा खाली. अण्णांचा चेहरा पांढरा पडलेला असायचा.

मला राहवलं नाही. पायरीवर येऊन त्या केस पिळत बसल्या तेव्हा मी म्हणाले, "अक्का, अण्णा किती घाबरतेत. तुम्हाला वाईट वाटत न्हाई का?"

"वाटतं की."

"मग?"

त्यांनी वर बघितलं. अण्णा दोर गुंडाळत होते, पुन्हा लागला तर हाताशी असावा म्हणून.

"लगीन झालं तवा तेनी म्हनले, तू पाण्यात उतरू नगंस, माझा जीव जातोय. मी काई दिस उतरले न्हाई. मग काय झालं ठाऊक हाय? तेनी म्हनले, सायकलवर जाऊ नगंस. मग, यकटी यष्टीत बसू नगंस. भीतीला एक दिलं की ती दुसरं मागती. एक दिस मी सरळ यून सूर मारला. वर आले तर हे काठावर रडायलेत." अक्का थांबल्या. "मी म्हनलं, घाबरायचं तर घाबरा. तुमची भीती हाय, तुमीच सांभाळा. मी काय बुडनार न्हाई. दुसऱ्या दिशी हे दोर घेऊन आले."

"आणि त्यांनी तुम्हाला कधी अडवलं न्हाई?"

"काठावर हुबं ऱ्हायला मी तेन्ला कुटं अडवलं?"

त्या दोन दिवसांत मी भोपळ्याशिवाय तरंगायला शिकले. पाण्यावर उताणं पडल्यावर कानात पाणी जातं आणि जगाचा आवाज बंद होतो. विहिरीच्या गोल कडेतून आभाळ दिसत होतं. मला आठवतंय, मी किंचाळून हसले होते.

वर येऊन फोन बघितला तर, रानात माझं लोकेशन दिसेना म्हणून, त्यानं माझ्या वडिलांना फोन केला होता. वडिलांनी दवाखान्यात. दवाखान्यानं सांगितलं, रजेवर आहे. आई रडत होती. मी त्याला फोन लावला आणि विहिरीत पोहत होते म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "विहिरीत? मला न सांगता विहिरीत?" मी माफी मागितली. पुन्हा पुन्हा मागितली. ओल्या कपड्यांत उभी राहून मागत होते.

जूनमध्ये एका संध्याकाळी अण्णांनी फोन उचलला नाही.

अक्का फोन खाली ठेवून अंगणात गेल्या. मी पायरीवर बसले होते. त्या अंगणाला फेऱ्या घालायला लागल्या. बूट नव्हते, अनवाणीच. थोड्या वेळानं थांबल्या, पुन्हा लावला, पुन्हा नाही. पुन्हा फेऱ्या. त्यांच्या हाताची बोटं पदराचं टोक चोळत होती. अक्कांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"शेजाऱ्यांना लावा की, अक्का."

"लावते. जरा चालू दे. आत्ता लावला तर मी बोलनार न्हाई, नुसती भीती बोलंल."

त्या अर्धा तास तरी चालल्या असतील. मग कमठाण्यातल्या शेजाऱ्याला फोन लावला, शांत आवाजात सांगितलं, जरा रानाकडं चक्कर मारा. शेजारी गेला. अण्णा बांधाखाली पडलेले होते. दुपारी पाय घसरला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हापासून उन्हात, मग अंधारात, तसेच.

अक्का मिळेल त्या गाडीनं बीदरला गेल्या. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक जमलेले. अक्कांच्या जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होत्या, "बायको घरात आसती तर मानूस दिवसभर मातीत पडला आसता का?" अक्का तिथंच भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या मला आत घेऊन गेल्या; खाटेवर अण्णांचा पाय वजनाला बांधलेला. मला बघून म्हणाले, "तू सांग हिला, रडायलीय. म्हनती, मी दर घटकेला फोन करायला पायजे होता. तसं केलं आसतं तर मी कवाच कंटाळून मेलो आसतो."

ते हसले. अक्का हसल्या नाहीत.

पावसाळाभर त्या कमठाण्याला राहिल्या. घराची किल्ली आमच्याकडं, पण सकाळी फाटकाशी कोण येणार? आठवडाभर गेलो, मग पाऊस, मग कुणाच्या परीक्षा, मग कुणीच नाही. ज्वारीच्या डब्यात आता फक्त ज्वारी होती.

त्याला मी अण्णांचं सगळं सांगितलं होतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "कळलं का आता मी कामून सारखा फोन करतो?"

मला ते पटलं. एक म्हातारा माणूस दुपारपासून अंधार पडेपर्यंत मातीत पडून होता कारण त्याच्या बायकोनं दिवसातून एकच फोन करायचं ठरवलं होतं. मी फोन दिवसभर हातात ठेवायला लागले. बसमध्ये चढले, सांगितलं. उतरले, सांगितलं. त्याचा मेसेज यायला उशीर झाला तर आता मलाच घाम फुटायचा. जेवण जात नव्हतं. रात्री मध्येच जाग यायची आणि हात आधी फोनकडं जायचा. आई म्हणायची, लग्न ठरायच्या वेळी असं होतंच.

अक्का परतल्या तेव्हा तुरीच्या रानात फुलं लागली होती. अण्णांनीच त्यांना हाकललं म्हणे, "जा आता, मला काठी घेऊन चालता यायलंय, तू बघत बसलीस की पाय लटपटायलेत." आल्या त्याच दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं. पोटाकडं बघितलं.

मीच बोलले. आवाज वाकडा लागला. "अक्का, तुम्ही सारखा फोन करत असता तर अण्णा दुपारीच सापडले असते."

"व्हय."

मला वाटलं होतं त्या वाद घालतील.

"दुपारी सापडले आसते," त्या म्हणाल्या. "आनि त्या संध्याकाळी मी चालत ऱ्हायले, त्येवढा येळ तेनी अजून पडून होते. ते माझ्या डोक्यातून जायाचं न्हाई. जाऊ बी नये." त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले. "पर पोरी, एका दुपारसाठी मी तेंच्या समद्या दुपारी घेतल्या आसत्या. माझ्या बी. एवढी वर्सं आमी दोगं मोकळे होतो. पडायचं ते मोकळं आसू दे न्हाई तर बांधलेलं, पडतंयच."

"आणि जाऊबाई म्हणतात ते?"

"ते खरं बी आसंल. मी सोताला निवडलं तर कुनाला तरी त्याचं दुखतंय. मला बी. दुखत न्हाई म्हनून कुनी सांगितलं तुला?"

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी गेले. त्याला आदल्या रात्रीच कळवलं होतं, सकाळी तासभर फोन जवळ नसेल. तो "बरं" म्हणाला. असं तीन-चार दिवस चाललं. रविवारी आम्ही तळ्यावरून परत आलो तर तो फाटकाशी उभा होता. रात्रभर गाडीत बसून आलेला, डोळे लाल, पाठीला बॅग.

अक्कांनी हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं त्याला "शरणार्थी" म्हटलं, चहा विचारला. तो नको म्हणाला. अक्का आत गेल्या आणि दार उघडं ठेवलं.

आम्ही रस्त्यानं चालत तळ्याच्या कठड्यापर्यंत गेलो. त्यानं सगळं ठरवून आणलं होतं. पुण्यात फ्लॅट बघितलाय. पुढच्या महिन्यात बैठक. मी नोकरी आत्ताच सोडावी, खोली सोडावी. "ही बाई तुझं डोकं बिघडवायलीय," तो म्हणाला. "तू पहिल्यासारखी ऱ्हायली न्हाईस."

"मी तासभर पळते. तेवढंच."

"त्या तासात मला काय होतं तुला म्हाईत हाय का? छातीत धडधडतं. हात गार पडतेत."

त्यानं हात पुढं केला. मी तो धरला. खरंच गार होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "माझेबी पडतेत. तुझा फोन आला की."

तो माझ्याकडं बघत राहिला. ह्या एका गोष्टीचा त्यानं कधी विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला त्याची दया आली. मी म्हणाले, "मी पुण्याला येते. लग्न करू. पण रोज तासभर मी फोन उचलणार नाही, आणि कुठं जाते ते दर वेळी सांगणार नाही. तुला भीती वाटली तर वाटू दे. मी परत येईन."

"मग लग्न कशाला करायचं?" त्यानं विचारलं. चिडून नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

मग तो म्हणाला, दुपारच्या गाडीनं माझ्याबरोबर गावाकडं चल, माझ्या आईसमोर एकदा सांग की हे सगळं बंद करशील. नाही आलीस तर मी समजतो.

मी नाही म्हणाले. "नाही" एवढाच शब्द होता, तो म्हणून मी कठड्यावर बसले. त्यानं बॅग पाठीला लावली आणि ऑटोला हात केला. ऑटो स्टेशनकडं वळला तोवर मी बघत होते. मी पळत जाऊन थांबवू शकले असते. आता मला तेवढं पळता येत होतं.

घरी आले तर अक्का अंगणात सुपात तूर निवडत होत्या. मी शेजारी बसले.

"बरोबर केलं का मी?"

"मला काय ठाऊक?" अक्का म्हणाल्या. सूप पाखडलं. "तुला कळंल. येळ लागंल."

वेळ लागला. वडील दिवाळीला माझ्याशी बोलले नाहीत. आई फोनवर रडायची. फोन वाजला की अजून तळहात गार पडायचे, मग तो कुणाचा का असेना. पळतानाही मी मनातल्या मनात त्याला उत्तरं देत असायची. तो असं म्हणाला असता तर मी तसं म्हणाले असते. सगळं तळं मी त्याच्याशी भांडत संपवायची, आणि दमून घरी यायची ती भांडून दमलेली.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी मी तळ्याला पूर्ण वळसा घालून पिंपळाशी आले आणि थांबले, तेव्हा लक्षात आलं की आज मी त्याला काहीच उत्तर दिलं नव्हतं. नुसती आले होते. श्वास तोंडातून वाफेसारखा बाहेर पडत होता. मागून अक्का चालत आल्या, माझ्याकडं बघून थांबल्या.

"काय झालं? हुबी कामून?"

इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा पोटात काहीतरी स्पष्ट जाणवत होतं.

"अक्का, भूक लागलीय," मी म्हणाले.

अक्का घराकडं वळल्या आणि नेहमीपेक्षा भराभर चालायला लागल्या. मी पोचले तोवर स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.